वार जरा खाली आहे

९ मार्च

ताईने ही वही दिली आणि म्हणाली, "मनात येईल ते लिहीत जा, हलकं वाटेल." पाचवा महिना सरत आलेल्या बाईला हलकं वाटायचा हा उपाय ऐकून मी धन्य झाले. माझी मोठी बहीण सल्ला देण्यात कधी चुकत नाही, कारण त्या सल्ल्याचं पुढे काय झालं हे विचारायला ती थांबतच नाही.

तर, मनात येईल ते. आज विसाव्या आठवड्याची सोनोग्राफी झाली. भाडेकरूला दोन हात, दोन पाय, एक नाक आहे. भाडेकरू हा शब्द माझा. याआधीचे दोघे तीन महिन्यांच्या आत जागा सोडून गेले, तेही न सांगता. यावेळी आधीच ठरवलंय, नाव नाही, टोपडं नाही, खोलीला रंग नाही. राहिला तर राहिला.

सोनोग्राफी करणारी डॉक्टर माझ्याहून लहान असेल. जाड चष्मा आणि हसायची बंदी. माझ्या पोटावर ते थंडगार यंत्र फिरवत राहिली, तोंडातून अवाक्षर नाही.

"सगळं ठीक?" मी विचारलं.

"हं."

"हं म्हणजे ठीक?"

"वार जरा खाली आहे."

वार म्हणजे बाळाला रक्त पुरवणारा तो मांसाचा गोळा, एवढं मला माहीत आहे. पण खाली म्हणजे काय? खाली म्हणजे किती खाली? "तुमचे डॉक्टर सांगतील," म्हणाली आणि हात धुवायला गेली. एवढं तोंडभरून बोलल्याबद्दल मी तिचे आभार मानले.

आमचे मोठे डॉक्टर मात्र राजा माणूस. रिपोर्टवर नुसती नजर टाकून म्हणाले, "अहो, पोट वाढतं तशी वार वर सरकते. बढती मिळते तिला!" मी पोट धरून हसले. डॉक्टर असावा तर असा. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, त्यामुळे विनोद म्हणजे लाईनमधला बिघाड अशी त्यांची समजूत आहे.

१४ मार्च

त्या सोनोग्राफीवालीने घरी फोन केला. घरी! फोन अर्थातच सासूबाईंनी उचलला. दुसऱ्या रिंगच्या आत फोन उचलला नाही तर त्यांना अजूनही नोकरी जाईल असं वाटतं.

एक गोष्ट पुन्हा पाहायची आहे म्हणे. मी मानेनेच "नाही" म्हणत होते, तोवर बाईंनी वेळ ठरवून फोन ठेवलासुद्धा.

"आई, पोट माझं आहे," मी म्हटलं.

"पोट तुझंच आहे गं. जायचं आपण," त्या म्हणाल्या.

अलीकडे या बाईंचं एक नवीनच चाललंय. रोज सकाळी मी बाथरूममधून बाहेर आले की दारात उभ्या. "काही लाल दिसलं नाही ना?" कोणी हवापाणी विचारावं तशा सुरात. सुनेच्या चौकशीचा सोस असतो बायकांना, पण इतका?

१७ मार्च

गेलो. यावेळी सोनोग्राफी आतून. तिचं वर्णन करत नाही, ताईने दिलेल्या वहीची बेअब्रू नको. पडद्यावर लाल-निळे रंग पेटले. चष्मेवाली एका जागी थांबली, पुढे गेली, परत तिथेच आली. मग चक्क बोलायला लागली.

"नाळ वारेच्या मध्यावर रुजायला हवी. तुमची पाण्याच्या पिशवीच्या पडद्यात रुजली आहे. तिथून रक्तवाहिन्या उघड्याच वारेपर्यंत जातात, त्यांच्यावर कसलं आवरण नाही. आणि त्यातली एक बरोबर गर्भाशयाच्या तोंडावरून जाते."

"मग?"

"मग कळा येऊन पाणी फुटलं, तर पडद्याबरोबर तीही फाटेल. ते रक्त तुमचं नसेल, बाळाचं असेल."

"बाळात असं असतं तरी किती रक्त?"

"जन्माच्या वेळी? कपभर."

मी घरगुती यंत्रांची माहितीपत्रकं लिहिते. 'उपकरण ओल्या हातांनी हाताळू नये' हे माझं साहित्य. त्यामुळे धोक्याची सूचना कशी द्यायची हे मला कळतं. तिला ते अजिबात कळत नाही. कपभर! असं लिहिलं असतं तर माझ्या साहेबांनी मला घरी बसवलं असतं.

पुढे म्हणाली, "पहिल्या वेळी नाळ कुठे रुजली आहे ते मी पाहिलंच नाही. घरी गेल्यावर आठवलं. चूक माझी. कदाचित पुढे ती रक्तवाहिनी तोंडावरून बाजूला सरकेलही. म्हणून सव्विसाव्या आठवड्यात पुन्हा बघू."

आता सांगा. जी डॉक्टर स्वतःच्या तोंडाने चुकले म्हणते, तिच्यावर कोणी कसा विश्वास ठेवायचा? मोठे डॉक्टर आजवर एकदाही चुकलेले नाहीत. त्यांनीच सांगितलंय.

घरी येताना गाडीत सासूबाईंनी माझा हात घट्ट धरून ठेवला होता. तळहाताला घाम फुटला. त्यांच्या, माझ्या नव्हे.

१९ मार्च

मोठ्या डॉक्टरांनी नवा रिपोर्ट वाचला आणि मोठ्याने हसले. "या नवीन मुलींना मशीन नवीन मिळालं की रंगच रंग दिसतात. हा पुस्तकातला आजार आहे हो! माझ्या सगळ्या कारकिर्दीत दोन पाहिले."

"त्या दोघांचं काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

नवरा शाळेत गणित शिकवतो. घरी बोलत नाही, बोलला तर असं. मला लाज वाटली. तेवढ्यात डॉक्टरांचा फोन वाजला आणि त्यांना बाहेर जावं लागलं. बिचाऱ्यांना किती फोन येतात.

२० एप्रिल

मधल्या महिन्यात काही घडलं नाही, म्हणून काही लिहिलं नाही. भाडेकरू लाथा मारतो. मी त्याच्याशी बोलत नाही. ऑफिसमध्ये लिहिलेलं वाक्य कानाला कसं वाटतं ते पाहायला मोठ्याने वाचते, तेवढंच. त्याला ऐकू येत असेल तर तो त्याचा प्रश्न.

आज पुन्हा ते रंग. चष्मेवाली म्हणाली, "सरकली नाही."

बढती नाकारली म्हणायची वारेने.

मग सविस्तर फर्मान. बत्तिसाव्या आठवड्यापासून हॉस्पिटलात राहायचं, घरी नाही. काचपेटी आणि रक्तपेढी ज्याच्याकडे आहे, अशाच हॉस्पिटलात. पस्तिसाव्या आठवड्यात कळा यायच्या आत ऑपरेशन. "आधी कळलंय ना, तर या दुखण्यातली बहुतेक सगळी बाळं वाचतात," ती म्हणाली.

"आणि आधी न कळलेली?"

तिने चष्मा काढून पुसला. याला म्हणतात संवाद.

तिथून थेट मोठ्या डॉक्टरांकडे. ते म्हणाले, "पस्तिसाव्यात? कच्चं फळ कशाला तोडायचं? कळा येऊ देत, मग मी आहे की!"

नवऱ्याचं पुन्हा तेच. "पाणी फुटल्यापासून ऑपरेशन सुरू व्हायला इथे किती वेळ लागतो?"

"अहो मास्तर, पेपर सोडवतोय का आपण?"

मी हसले. नवरा हसला नाही. सासूबाई पर्स उघडबंद करत होत्या. एकूण काय, आमच्या घरात विनोदाची जबाबदारी माझ्या एकटीवर आहे.

२६ एप्रिल

रविवार. जेवणघरातला बल्ब गेला. नवरा सकाळी बल्ब आणायला म्हणून गेला तो दुपारी परतला, घामाघूम, बल्बाशिवाय.

"बल्ब?"

"विसरलो."

"मग इतका वेळ काय केलंस?"

"गावाच्या त्या टोकाला एक हॉस्पिटल आहे. नवजात बाळांचा विभाग आहे, रक्तपेढी आवारातच आहे. ऑपरेशनची खोली प्रसूतीच्या वॉर्डाला लागून. मी चालून पाहिलं."

"तुला आत सोडलं?"

"पाहुणा म्हणून गेलो. एका बाईला फळं दिली."

"कोणत्या बाईला?"

"माहीत नाही."

गणिताचा मास्तर अनोळखी बायकांना फळं वाटत फिरतो, आणि आम्ही अंधारात जेवतो. धन्य आहे.

२८ एप्रिल

आज ऑफिसात साहेबांशी जुंपली. नव्या प्रेशर कुकरच्या पत्रकातली एक धोक्याची सूचना त्यांना नको आहे. "ग्राहक घाबरतो. आणि असं हजारात एखाद्या वेळीच होतं."

मी म्हटलं, "साहेब, ज्याच्या स्वयंपाकघरात होतं त्याच्यासाठी तो हजारातला नसतो. त्याचा तो पहिलाच असतो, आणि बहुतेक शेवटचा."

"तुम्ही फार भावनिक होताय."

मी? भावनिक? मी सूचना ठळक अक्षरात टाकली आणि सही करून दिली.

घरी आल्यावर नवऱ्याला म्हटलं, त्या टोकाच्या हॉस्पिटलात एकदा जाऊन येऊ. सहज आपलं. तू फळं वाटलीस ती कोणाला लागली की नाही ते तरी पाहू.

१ जून

त्या टोकाच्या हॉस्पिटलात भरती झाले. बॅग भरताना ताईचा फोन, "धडधाकट बाई हॉस्पिटलात जाऊन झोपते कशाला?" मी म्हटलं, हौस.

इथल्या डॉक्टरीणबाई सोनोग्राफीचे फोटो बराच वेळ पाहत राहिल्या. एकही विनोद केला नाही. मग म्हणाल्या, "ज्यांनी हे शोधलं त्यांना माझा नमस्कार सांगा." म्हणजे या क्षेत्रात सगळ्या रुक्ष बायका एकाच कारखान्यातून येतात.

नियम असे. वजन उचलायचं नाही. जिना उतरायचा नाही. पोट आवळल्यासारखं वाटलं, ओलं वाटलं, लाल दिसलं, तर लाजायचं नाही, ओरडायचं. बाळाची फुफ्फुसं पिकवायला इंजेक्शनं टोचली, अढीत फळं पिकवावीत तशी. सकाळ-संध्याकाळ पोटाला पट्टे बांधून ठोके ऐकतात. घोडा दौडतोय असा आवाज येतो. ऐकून ऐकून कंटाळा आला. मधेच नर्सने पट्टा हलवला आणि आवाज गेला, तेव्हा मीच तिच्यावर खेकसले. कंटाळ्यामुळे.

शेजारच्या खाटेवर एक शिंपीण आहे. दोन मुलं, दोन्ही सिझेरियनची. यावेळी वार जाऊन बसली थेट जुन्या टाक्यांवर आणि आत रुतली. "शिवणीत अस्तर गुंततं ना, तसं झालंय," ती म्हणते. "ओढलं तर सगळा कपडा फाटणार. म्हणून बाळ काढून गर्भपिशवी वारेसकट काढून टाकणार आहेत." हे सांगताना ती माझ्या गाऊनचा निघालेला हेम घालत होती. दात असे वापरते की कात्री लाजेल.

६ जून

सासूबाई सकाळी येतात त्या संध्याकाळी जातात. वर्तमानपत्र मोठ्याने वाचतात, मला दर तासाला पाणी पाजतात आणि बाथरूमच्या दारावर पहारा देतात. एक्स्चेंजमध्ये इतकी कडक ड्यूटी केली असती तर बाई खातेप्रमुख होऊन निवृत्त झाल्या असत्या.

दुपारी मी डोळे मिटून पडले होते. मला झोप लागली असं समजून त्या शिंपिणीशी बोलत होत्या. "माझ्या पहिल्या वेळी पाणी गेलं ते लालच गेलं. दुखलंसुद्धा नाही फार. दाई म्हणाली, होतं असं."

आता गंमत पाहा. आपल्या मुलाचा जन्म किती सुखरूप झाला, हे याच बाईंनी मला इतक्या वेळा ऐकवलंय की मी ते पाठ म्हणून दाखवीन. आणि शिंपिणीसमोर लाल पाणी! शेजारणीला दुखणं असलं की आपल्यालाही असावं लागतं काही बायकांना.

७ जून

कालचं पुन्हा वाचलं.

पहिली वेळ म्हणजे माझा नवरा नव्हे.

संध्याकाळी त्याला विचारलं. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मुलगी होती. आईने मला एकदाच सांगितलंय."

८ जून

सकाळी बाथरूममधून बाहेर आले. त्या उभ्याच होत्या. विचारायच्या आत मीच म्हटलं, "काही नाही, आई. सगळं पांढरं स्वच्छ."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि वर्तमानपत्र उलटं धरून वाचायला बसल्या.

११ जून

शिंपिणीचं ऑपरेशन काल झालं. जाताना मला म्हणाली, "माझा टेप आणि सुई तुझ्या ड्रॉवरमध्ये ठेव. आले की मागून घेईन." आले की. तोंडात दुसरा शब्द येत होता, तो तिने गिळला.

रक्ताच्या बाटल्यांची ने-आण दिवसभर चालू होती. मी भिंतीकडे तोंड करून एका वॉशिंग मशीनचं पत्रक लिहीत होते. तीन ओळी लिहिल्या. तिन्ही खोडल्या.

आज तिला परत आणलं. चेहरा कोऱ्या कापडासारखा. बाळ खालच्या मजल्यावर काचपेटीत, ठणठणीत. तिने एक डोळा उघडला. "कारखाना बंद," म्हणाली. "कामगार सगळे सुखरूप." मी तिला सुई दिली. ती मुठीत धरून झोपली. नर्सने टोचेल म्हणून हळूच काढून घेतली.

मला एकदम शिंक आल्यासारखं झालं. डोळ्यातून पाणी. एसी फार आहे इथे.

२० जून

परवाचं आज लिहितेय. उठून बसता येतंय म्हणून.

दुपारचं जेवण झालं होतं. सूप, ब्रेड, उकडलेल्या भाज्या, म्हणजे नेहमीचीच शिक्षा. पोट आवळल्यासारखं झालं. म्हटलं, गॅस. थोड्या वेळाने पुन्हा. म्हटलं, भाज्या. ऑपरेशन चार दिवसांवर होतं, डॉक्टरीणबाई सकाळीच पाहून गेल्या होत्या, उगाच कशाला कल्ला करायचा? मी, जी 'लगेच संपर्क साधा' लिहून पोट भरते, ती मी गप्प पडून राहिले.

सासूबाईंनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"पायाची बोटं का आवळतेस?"

"कुठे?"

"मघाशी आवळलीस. आता परत."

"काही नाही, आई. गॅस झालाय."

त्यांनी विचारलं नाही, परवानगी घेतली नाही. सरळ माझ्या पोटावर पालथा हात ठेवला. पोट दगड झालं होतं. मग त्या दारात गेल्या आणि जो आवाज काढला, तसा आवाज मी आयुष्यात ऐकला नाही. ओरडणं नव्हे ते. शब्द न् शब्द सुटा, खणखणीत, कॉरिडॉरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"खोली तीन. कळा सुरू आहेत. उघड्या नाळेचा पेशंट. डॉक्टर हव्यात. आत्ता."

माणसं धावत आली. पट्टे बांधले. घोडा दौडत होता. पोट आवळलं आणि घोडा मंदावला. थबकला. परत दौडायला लागला. डॉक्टरीणबाई दोनदा आवळेपर्यंत थांबल्या, तिसऱ्यांदा थांबल्या नाहीत. "चला," एवढंच म्हणाल्या. आमची खाट चालायला लागली. नवरा शाळेत होता. सासूबाई खाटेबरोबर पळत होत्या, एका पायात चप्पल नव्हती. दारापाशी त्यांना थांबवलं.

"आई," मी म्हटलं, "पाणी फुटलं नाहीये अजून."

"नाही फुटलं," त्या म्हणाल्या. "नाही फुटणार. जा तू."

पाठीत सुई, मग कंबरेखालचं सगळं दुसऱ्या कोणाचं. मी वरच्या दिव्याकडे बघत होते. मोठे डॉक्टर असते तर काहीतरी गमतीचं बोलले असते. इथे कोणी बोलत नव्हतं. "हळू, इथे एक जातेय," डॉक्टरीणबाई मदतनिसाला म्हणाल्या. "बाजूने घे. बाजूने." मग पाणी शोषून घ्यायचा आवाज. "स्वच्छ आहे," कोणीतरी म्हणालं. स्वच्छ म्हणजे लाल नाही. एवढं मला आता कळतं.

नंतर बराच वेळ काही नाही. कोणी सांगितलं नाही की बराच वेळ काही नाही, पण मी ऐकत होते ना.

मग एकदाच, दार करकरावं तसा आवाज. पुन्हा शांत. "मुलगी आहे," म्हणाले, आणि घेऊन गेले.

टाके घालून झाल्यावर मी वार दाखवा म्हटलं. डॉक्टरीणबाईंनी ट्रे जवळ आणला. पातळ, ओलसर पडदा. पिशवीसारखा. त्यावरून एक निळसर दोरा गेलेला, बुटाच्या नाडीएवढा, उघडाच. फाटलेला कुठे नाही.

"यावरूनच?" मी विचारलं.

"यावरूनच," त्या म्हणाल्या.

याच्यावर करायला मी चांगले विनोद योजून ठेवले होते. एकही आठवला नाही.

२२ जून

चाकाच्या खुर्चीतून खाली नेलं. ती काचपेटीत आहे. श्वास घेताना दम लागतो म्हणून घशात नळी. इंजेक्शनं मिळाली होती म्हणून एवढ्यावर भागलं, म्हणाले. फार दिवस लागणार नाही असंही म्हणाले. हे लोक 'फार' हा शब्द कोणत्या मापाने मोजतात देव जाणे.

नळी आहे म्हणून आवाज येत नाही. तोंड उघडते, कपाळाला आठ्या पडतात, चेहरा लालबुंद होतो, मुठी आवळते. आणि काही ऐकू येत नाही. मी नर्सला विचारलं, "तिला काय होतंय?" ती म्हणाली, "काही नाही, रडतेय."

नवरा शाळा सुटली की थेट इथे येतो आणि काचेशी तोंड नेऊन पुटपुटतो. आज जवळ जाऊन ऐकलं. पाढे म्हणून दाखवत होता. "सुरुवात बेपासून केली," म्हणाला. "एकदम अवघड नको."

चष्मेवाली येऊन गेली. आधी प्रयोगशाळेत वार पाहायला गेली, नंतर बाळ. क्रम लक्षात घ्या. वारेचे फोटो काढले म्हणे, सगळ्या बाजूंनी. मग काचपेटीपाशी येऊन उभी राहिली. नेहमीसारखी ठोकळ्यासारखी. मी म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही त्या दिवशी फोन केला नसता तर..."

"केला ना," ती म्हणाली. घाईघाईने. आणि चष्मा काढला. पुसायला काही नव्हतं त्यावर, तरी पुसत राहिली.

२७ जून

नळी काढली. आवाज अजून घोगरा आहे, पुटपुटल्यासारखा.

दुपारी मोठ्या डॉक्टरांचा फोन. ताईकडून कळलं म्हणे. फोन सासूबाईंनी घेतला. डॉक्टरांचा आवाज माझ्यापर्यंत ऐकू येत होता. "अभिनंदन! म्हणालो होतो ना, काही होणार नाही!"

"होल्ड करा हं," सासूबाई गोड आवाजात म्हणाल्या. मग फोन उशीखाली सरकवला आणि टोपडं विणायला बसल्या. ज्यावर मी बंदी घातली होती तेच टोपडं. अर्धं झालेलं होतं. एका दिवसात अर्धं होत नाही, एवढं विणकाम मलाही कळतं.

मी बंदीची आठवण करून दिली नाही. रंग बरा आहे म्हटलं.

८ जुलै

उद्या घरी न्या म्हणाले. इतक्या सहज. मशीन नाही, पट्टे नाहीत, नर्स नाही. धुलाई यंत्राबरोबर सुद्धा पत्रक देतात.

शिंपीण आली होती, तिच्या मुलाला दाखवायला. मला म्हणाली, "घाबरतेस होय?"

"छे."

ती नुसती बघत राहिली.

हो. घाबरते. मार्चपासून घाबरते. झालं समाधान?

१२ जुलै

घरी येऊन तीन दिवस झाले. नाव अजून ठरत नाही. नवऱ्याची यादी आहे, सासूबाईंचा आग्रह आहे, ताईचे सल्ले आहेत. भाडेकरू म्हणायचं मात्र सासूबाईंनी मला बंद करायला लावलं. "मालकीण आहे ती," म्हणाल्या.

आज दुपारी मालकीणबाईंनी सूर लावला. दूध झालं होतं, लंगोट कोरडा होता, पोट दुखत नव्हतं, सगळं तपासलं. काही नाही. नुसतंच रडायचं होतं. घोगरेपणा गेलाय. भिंतीवरचा आरसा थरथरेल असा आवाज लागला. नवरा पाढे विसरला. सासूबाई आतून म्हणाल्या, "घे गं तिला." घेतलंच होतं. मांडीवर घेऊन मी बसले होते आणि बघत होते. तोंड उघडतं. आठ्या पडतात. चेहरा लालबुंद होतो. आणि ऐकू येतं.

बेल वाजली. वरच्या मजल्यावरचे काका, दुपारच्या झोपेतून उठून आलेले, बनियनवर.

"अहो, किती वेळ! का रडतंय एवढं बाळ?"

मी तिला तशीच, रडत, खांद्यावर घेतलं.

"रडता येतं म्हणून," मी म्हटलं.